डावा बजरंगभाऊंचा, उजवा श्रीपतीभाऊंचा

गाडी दुरुस्त करायला काही लागत नाही हो, फक्त डोकं लागतं! हे वाक्य मी सकाळी पोहे खाता खाता मोठ्यांदा बोललो आणि आमच्या सविताने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात तेव्हापासून मी चटणी पाट्यावर वाटतेय!"

"मिक्सरची गोष्ट वेगळी. मिक्सर म्हणजे काय गाडी आहे?"

"म्हणूनच तर भीती वाटते," ती म्हणाली.

पण माघार घेणं शक्यच नव्हतं. आमच्या सृष्टीचं लग्न ठरलं होतं. मुलगा कामशेतचा, समर्थ नावाचा, गुणी. पोरीनं ना भारी शालू मागितला ना घोडा-बग्गी. हट्ट एकच धरला. "पप्पा, मी कार्यालयात आबांच्या गाडीतूनच जाणार!"

आबा म्हणजे माझे वडील. त्यांची ती जुनी पांढरी गाडी. नात पहिल्यांदा शाळेत गेली ती त्याच गाडीतून, आबांच्या मांडीवर बसून, स्टिअरिंग आपणच फिरवतोय अशा थाटात. आबा गेले आणि गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली ती राहिलीच. पोरगी अजून येता-जाता तिच्या बॉनेटवरून हात फिरवते. आता सांगा, तिला नाही कसं म्हणायचं? माझ्याच्याने तर होईना.

इंजिन तसं ठणठणीत होतं. गेला होता तो कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोल कालवून पाजणारी वस्तू. गंजून त्याचा पार भुगा झाला होता. पुण्यापर्यंत शोधलं, नवा मिळेना. मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात कुणी एक गोरा माणूस मोटरसायकलचे दोन कार्ब्युरेटर कारच्या इंजिनला बसवून दात काढून हसत होता. मला वाटलं, हा हसतोय तर आपण का रडायचं?

आमच्या इंदुरी गावात एकसारख्या दोन जुन्या मोटरसायकली कुणाकडे होत्या, तर माझ्या चुलतभावांकडे. थोरले बजरंगभाऊ आणि धाकटे श्रीपतीभाऊ, सख्खे भाऊ. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. तेव्हा दोघं एका ताटात जेवत. पुढे शेताच्या बांधावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं. एकमेकांना निरोप द्यायचा तर मधे माणूस लागायचा, आणि बहुतेक वेळा तो मीच असायचो.

बजरंगभाऊ म्हणाले, "सुष्टीसाठी व्हय? ने की! कार्ब्युरेटर काय, टाकी बी ने. दुसरा कुनाचा घेतोयस?"

"श्रीपतीभाऊंचा."

भाऊंनी तंबाखू थुंकली. "मंग त्याला सांग, माजा डाव्या बाजूला बसंल. डावी बाजू लय वडती."

श्रीपतीभाऊंनी लगेच उलट निरोप धाडला. "त्याला सांग, उजव्या हातानंच जेवत्यात!"

अशा रीतीनं डावा बजरंगभाऊंचा आणि उजवा श्रीपतीभाऊंचा बसला. मधे ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या पाइपाचे तुकडे, वर ग्रीलवाल्याकडून कापून आणलेली पट्टी. पेट्रोलची टाकीही सडलेली होती, म्हणून पुढच्या सीटवर प्लास्टिकचा कॅन ठेवला आणि त्यातून नळी इंजिनापर्यंत नेली. आता फक्त एक काम उरलं होतं. दोन्ही कार्ब्युरेटरनी सारखंच ओढायला हवं. त्यासाठी प्रत्येकाला रेस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. मी रबरी नळी कानाला लावून दोन्हीकडची फुसफुस ऐकली, स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे केले, आणि गाडी सुरू झाली! अहो, काय आवाज! तान्हं बाळ झोपेत घोरावं तसा! सृष्टी टाळ्या पिटत रडायला लागली. सवितासुद्धा म्हणाली, "बाई! चालली की!" लग्नाच्या इतक्या वर्षांत ही माझी पहिली पावती.

पण दोन्ही भाऊ इंजिनात डोकं घालून उभे.

"प्रदीप, त्याला सांग, डावा वडतोय म्हनून गाडी चाललीय."

"प्रदीप, त्याला सांग, डावा नुसता बसलाय. वडतोय उजवा!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी पडलो कलावंत, माझं सगळं लक्ष आवाजाकडे!

लग्नाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. आता पुढच्या सीटचा मान कुणाचा? दोघंही फेटे बांधून हजर! "माजं यंत्र हाय, म्या फुडं बसनार," हे दोन्ही दारांतून एकाच वेळी ऐकू आलं. शेवटी पुढच्या लांब सीटवर मी, बजरंगभाऊ आणि खिडकीशी श्रीपतीभाऊ असे कोंबले गेलो. पेट्रोलचा कॅन श्रीपतीभाऊंच्या मांडीवर. मागे नवरी आणि सविता.

चावी फिरवली आणि गाडी किंचाळलीच! कालचं घोरणारं बाळ आज भूत बघितल्यासारखं ओरडत होतं. मला वाटलं, थंडीमुळे असेल. वडगाव मागे पडलं तरी मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवलाच नव्हता, आणि गाडी मात्र मुंबई गाठायचीच अशा जिद्दीनं निघाली होती! कामशेतची खिंड उतरताना मी सगळा वेळ ब्रेकवर उभा होतो. उतार संपला तेव्हा ब्रेक इतके तापले होते की पाय दाबला तर नुसता खाली जाई, बाकी काही होत नसे.

समोर कार्यालय. दारात बँड, वऱ्हाडी आणि ओवाळायला ताट घेऊन उभी समर्थची आत्या, धोंडाबाई. मी गाडी पहिल्या गिअरवर आणून आत घातली आणि गिअर-क्लच दोन्ही तिथंच अडकले. चावी काढली. काढलेली चावी माझ्या हातात, आणि इंजिन चालूच! ते इतकं तापलं होतं की चावीला जुमानेना!

"अहो, थांबवा की!" सविता ओरडली.

"थांबवतोय!"

समोर माणसं, बाजूला भिंत. मोकळी जागा एकच, मैदानात उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या टेम्पोभोवती. मी गोल वळवली. टेम्पोला वळसा घालून दारासमोरून गेलो, बँडवाले वाजवायला लागले. पुन्हा आलो, त्यांनी चाल बदलली. धोंडाबाई मात्र खमकी. पहिल्या फेरीला तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दुसरीला चाकांवर पाणी ओतलं, तिसरीला धावत येऊन खिडकीतून कुंकू लावलं. ते माझ्या नाकाला लागलं.

"सप्तपदी आत हाय, मांडवात!" वऱ्हाडातून कुणी तरी ओरडलं.

मागून सृष्टीचा रडवेला आवाज आला, "पप्पा, मुहूर्त टळेल हो!" एकुलती एक पोर, आणि बाप तिला टेम्पोभोवती फिरवतोय!

"भाऊ, कॅनची नळी उपटा!" मी ओरडलो.

बजरंगभाऊ म्हणाले, "प्रदीप, त्याला सांग, नळी उपट."

"तो शेजारी बसलाय!"

"तरी बी तू सांग!"

श्रीपतीभाऊ कॅन कवटाळून म्हणाले, "त्याला सांग, आदी त्यानं कबूल करावं, सकाळी सकाळी डाव्याचा स्क्रू कुनी पिळला!"

मी झटकन बजरंगभाऊंकडे वळलो. "भाऊ, तुम्ही स्क्रू फिरवलात?"

"जरासा," बजरंगभाऊ म्हणाले. "माजा कमी वडतोय असं लोकांनी का म्हनावं? पर उजव्याचा बी कुनी तरी फिरीवलाय!"

"जरासा," श्रीपतीभाऊ म्हणाले.

एवढ्यात टेम्पोमागून जिलब्यांचं ताट घेऊन एक आचारी पुढे आला. बजरंगभाऊंचे डोळे पांढरे झाले.

"श्रीप्या! उपट की रं नळी!"

श्रीपतीभाऊंनी खाडकन नळी उपटली. गाडी दोनदा खोकली, उरलंसुरलं पेट्रोल प्यायली आणि बरोबर धोंडाबाईच्या ताटासमोर येऊन मेली. बँडही थांबला. त्या शांततेत श्रीपतीभाऊ थोरल्या भावाकडे बघत बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"दादा, असं थेट माज्याशी आदी बोलला असतास तर बांध कवाच मिटला असता."

"तवा हातात नळी नव्हती ना तुज्या," बजरंगभाऊ म्हणाले आणि फेट्याच्या शेवानं नाक पुसायला लागले. सृष्टी मागून दोघांच्या गळ्यात पडली. मुहूर्त अगदी शेवटच्या घटकेला साधला. अक्षता टाकताना दोन्ही भाऊ शेजारी शेजारी उभे होते, आणि मी नाकावरच्या कुंकवासकट धाय मोकलून रडत होतो.

आता कार्ब्युरेटर परत द्यायचे होते. पण सोडवल्यावर डावा कुठला आणि उजवा कुठला, मलाच ओळखू येईना! दिले अंदाजाने. तेव्हापासून दोघांनाही आपल्याकडे दुसऱ्याचा आलाय असं वाटतं. रोज एक जण दुसऱ्याच्या दारात जातो, अदलाबदल होते, चहा होतो, भांडण होतं. निरोप्या म्हणून मला कुणी बोलावत नाही.

आबांची गाडी पुन्हा गोठ्याशेजारी उभी आहे. परवा जावईबापू सृष्टीला घेऊन पहिल्यांदा माहेरपणाला आले, मोटरसायकलवरून. मी सहज म्हणून तिच्या इंजिनापाशी वाकलो. समर्थनं घाईघाईनं गाडी दोन हात मागे घेतली.

"पप्पा, ही नवीन आहे. हिला कार्ब्युरेटर नसतोच!"

आतून सविताचा आवाज आला, "पत्रिका उगाच बघितली आपण. एवढा एक गुण पुरेसा होता!"