ओळंब्यात आणलेल्या ओळी

मी आयुष्यभर गवंडीकाम केलं. शाळा पाहिली ती तिची भिंत बांधताना. अक्षरं मागाहून शिकलो; सावकाश वाचतो, पण वाचतो. म्हणून मुलीने घरातले दिवे-पंखे आपोआप चालतील असे करून दिले, तेव्हा त्यांच्या सूचनांची फाईल मुद्दाम साध्या मराठीत लिहिली. म्हणाली, "काही अडलं तर उघडून बघा, बाबा."

काही अडलं नव्हतं. तरी उघडली.

'बाथरूम' असं लिहिलेलं, आणि त्याखालची ओळ कडेपासून दोन बोटं आत: 'दोन मिनिटं कुणी हललं नाही तर दिवा, पंखा बंद.' अशी आत गेलेली वीट ठेवली असती तर मिस्त्रीने मला बांबूच्या पहाडावरून, म्हणजे परांचीवरून, खाली उतरवलं असतं. मी ओळ ओढून कडेला लावली. (शब्द एकही बदलला नाही.)

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो. दिवा गेला. पंखा हळूहळू थांबला. उठलो, दिवा आला. स्वयंपाकघरात जाऊन बसलो, तिथेही तेच. मी बसेन ती खोली विझत होती. आतल्या खोलीत बायको स्वेटर विणत होती. तिचा दिवा लख्ख. घराला ती दिसत होती, मी दिसत नव्हतो. आपण गेलो की काय? (गेलेल्याला कोण कळवतं, मला ठाऊक नाही.)

दारातून हळूच विचारलं, "अगं, मी जिवंत आहे ना?"

तिने मान वर केली नाही. "एकशे चौदा, एकशे पंधरा... टाके मोजून झाले की बघते."

तेवढा धीर कुठला! मुलीला फोन लावला. "बाबा?" ऐकलं आणि डोळे भरून आले. मी बसलो की दिवा जातो, तुझी आई विणत बसली तरी जात नाही, सगळं सांगितलं.

"फाईलला हात लावलात?"

"एक ओळ सरळ केली फक्त."

"अहो बाबा, आत सरकलेली ओळ वरच्या खोलीपुरती असते! बाथरूमचा नियम तुम्ही अख्ख्या घराला लावलात. आईचे हात विणताना हलतात. तुम्ही बसलात की दगड!"

"म्हणजे मी आहे?"

"आहात! वाचता येणारी फाईल, म्हणून चूक लगेच सापडली. पण वाचता येते म्हणूनच कुणीही हात घालतं. आता माणसाला वाचताच येणार नाही अशी करते."

बायकोने सुया खाली ठेवून फोन ओढून घेतला. "माणसाला येऊ दे गं, मला लागेल कधी. यांना येणार नाही एवढं बघ."