पुंडलिकाची खरखर

मोपाच्या विमानतळावरून विमान उठलं की आमचा शेजारी पुंडलिकही उठतो. चालू रेकॉर्डवरची सुई दोन बोटांनी अलगद उचलतो आणि विमान जाईपर्यंत तसाच उभा राहतो. वर बघतही नाही. चारचौघांत कोणी मध्येच तोंड घातलं की शहाणा माणूस गप्प होतो, तसा त्याचा चेहरा. आवाज विरला की सुई खाली ठेवतो आणि त्या रेकॉर्डलाच विचारतो, "हां, खंय होतंव आमी?"

पुंडलिक पंचवीस वर्षं जहाजावर स्वयंपाकी होता. बाकीचे जहाजावरून येताना घड्याळं, अत्तरं, साड्या आणायचे. ह्याने ही एक रेकॉर्ड आणली. जॅझ म्हणतात त्याला. कव्हरवर एक माणूस डोळे मिटून कर्णा फुंकतोय. गाणारं कोणी नाहीच. कर्णा, पियानो, ढोल, आणि एक वाकडं वाद्य आहे, ते मला वासरू दुसरीकडे बांधलेल्या गाईसारखं वाटतं. संध्याकाळी पोदेर पावाची टोपली घेऊन येतो आणि सायकलचा भोंपू वाजवतो. मला तो भोंपू आणि ह्याचा कर्णा यांत फरक कळत नाही. पुंडलिकाला कळतो. "आज पोदेराचो सूर बरो लागलो," म्हणतो.

एकदा देवळातले भजनीबुवा ऐकायला येऊन बसले. पाच मिनिटं मांडीवर ताल धरायला बघत होते. शेवटी वैतागले.

"पुंडलिका, समेर कधी येतले हे?"

"घाई नाय त्यांका."

"अरे, पण एकमेकांका विचारतत तरी?"

"विचारतत. तुमच्यासारखी बोंब मारून नाय."

बुवा परत आले नाहीत.

त्याच्याकडे बसायचं तर नियम पाळावे लागतात. मी एकदा नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन गेले. मला म्हणाला, "वयनी, कर्णो थांबासर चावू नको." नेवरी तोंडात धरून मी किती वेळ बसायचं? मी चावली. त्याने सुई उचलली, माझं चावून होईपर्यंत थांबला, मग परत ठेवली.

रेकॉर्डमध्ये एक जागा आहे. सगळी वाद्यं हळू होतात. तिथे हा बोट वर करतो. "गप. आता तो येतलो." तो म्हणजे कर्णेवाला. चाळीस वर्षं तो त्याच जागी येतोय, एक दिवस चुकलेला नाही. पण पुंडलिकाच्या तोंडावर रोज धास्ती, आज नाही आला तर?

आणि ती रेकॉर्ड खरखरते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी म्हटलं, "पुंडलिका, हे पापड तळतत ते पण त्या गाण्यातलेच?" कधी नव्हे तो माझ्यावर चिडला. "तां ऱ्हवांदे," म्हणाला.

ह्या गणेशचवथीला त्याची मुलगी नीता बंगळूरहून आली. बापासाठी तीच रेकॉर्ड, नवी कोरी, शोधून आणली होती. "बाबा, आता खरखर नाही." खरंच नव्हती. कर्णा असा स्वच्छ वाजला की मलासुद्धा कळलं तो माणूस मध्ये श्वास कुठे घेतो. पुंडलिक मात्र व्याह्यांच्या घरी बसावं तसा पाठ ताठ करून बसला होता. बोट वर केलं नाही. संपल्यावर म्हणाला, "बरी आसा."

नीता खूश. म्हणाली, "मग जुनी मी नेते. चौकट करून भिंतीला लावीन." हा म्हणाला, "बरां, व्हर." तिने ती आपल्या बॅगेत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुंपणातल्या फाटकातून माझ्याकडे आला. चुलीपाशी उभा राहिला.

"वयनी, नीता दुपारी जाता. ती जुनी रेकॉर्ड ठेव म्हणान तूच सांग तिका."

"कित्या? नवी आसा मगे."

"नव्येत शेवंती नाय."

शेवंती त्याची बायको. जाऊन सहा वर्षं झाली. मग खाली बघत तो बोलला. रेकॉर्ड नवी आणलेली, तेव्हाची गोष्ट. चवथ जवळ आली होती, हा म्हापशाला बाजाराला गेला होता. घरी आला तर रेकॉर्ड राख लावून काथ्याने घासलेली, पितळेच्या भांड्यांबरोबर उन्हात वाळत ठेवलेली. शेवंती म्हणाली, मी घासली. हा तिच्याशी बोलायचा बंद झाला. चवथ तशीच गेली. मग जहाजावर गेला तोही न बोलता.

"धा म्हयने," तो म्हणाला. "एक पत्र नाय घातलंय तिका."

मी पदर खोचला आणि नीताकडे गेले. "ती रेकॉर्ड बाहेर काढ." "का गं काकी?" "बापाची आहे म्हणून." पोरीने काढून दिली.

आता खरं सांगते. शेवंतीने ती घासलीच नव्हती. त्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघी होतो. समया तिने घेतल्या, ताटं मी. त्या ढिगात ही थाळी कशी आली देव जाणे. मला वाटलं काजळी धरलीय. घासते, घासते, काळं काही निघेना, म्हणून आणखी राख घेतली, शेवटी तशीच उन्हात ठेवली. पुंडलिक आला, ओरडला, आणि मी तोंड उघडायच्या आत शेवंती म्हणाली, "मी घासली." मागाहून मला म्हणाली, "माझ्याशी आज ना उद्या बोलतलो. तुझ्याशी बोलूचो नाय. फाटक बंद जायत." ते आज ना उद्या दहा महिन्यांनी आलं. मला ठाऊक आहे, कारण ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची आणि पोस्टमनचं नाव काढायची नाही.

नीता गेली त्या संध्याकाळी पुंडलिकाने मला बोलावलं. जुनी रेकॉर्ड लावली. अजून वाद्य एकही सुरू झालं नव्हतं, नुसती खरखर चालली होती, आणि त्याने बोट वर केलं.

"ऐकलंस? ह्यो तिचो हात."

मी तोंडावर बोलणारी बाई. तोंड उघडलंही.

"होय रे," म्हटलं. "शेवंतीच्या हाताक जोरच तसो."