सुभेदारांचं बर्फाचं मैदान

सुभेदार नाथाजी एकदा बोलले की बोलले! पलूसला बर्फाचं मैदान होणार म्हणजे होणार! ऐन मे महिन्यात पोरं पात्याचे बूट घालून सुर्रकन घसरणार! लेहला असताना सुभेदार स्वतः गोठलेल्या तळ्यावर घसरले होते. किती वेळा आपटले, ते काही सांगत नसत. आता फक्त जागा हवी होती, आणि ती होती त्यांच्या बायकोच्या, राजेश्वरीबाईंच्या गोठ्याची.

"धा गुंठं लागत्यात. गोठा पाडायचा, म्हस इकायची!" नाथाजींनी हुकूम सोडला.

"आवं, आधी नमुना तर दावा," शेण भरता भरता बाई म्हणाल्या. "दिस मावळंस्तवर बरफ टिकला, तर म्हस इका. न्हाई टिकला, तर गोठ्याचं नाव काढायचं न्हाई!"

पैज लागली. साताऱ्याचे पलटणीतले दोस्त उदयसिंह नमुना बघून भागीदारी ठरवणार होते. मग वायरमन बिरदेव खर्चाच्या हिशेबाला बसला आणि सुभेदारांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"पंपाची लाईट आठ तास. बाकीचं तास बरफ काय करणार?"

"थांबंल की!"

"कुटला थांबतोय! पाणी हुईल त्याचं."

"मग जनरेटर लावू."

"यंत्र तापतंय, सुभेदार. त्याला गार करायला पंखं. पंख्याला परत लाईट."

"आरं, बरफाला यंत्र, यंत्राला पंखा... आन् मला काय, ताक पाजणार?"

खर्च फुगेल तसं मैदान आटत गेलं. दहा गुंठ्यांचं पाच झालं, पाचाचं एक, आणि शेवटी उरलं बाजेएवढं! खाली शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, त्यावर पाईप, गारेगारच्या जुन्या यंत्रानं पाईपातून फिरवलेलं थंडगार मिठाचं पाणी आणि वर साधं पाणी. सकाळी बघतात तर काय, कडक बर्फ! राजेश्वरीबाईंनी म्हशीच्या दाव्याला आणखी एक गाठ मारली. दुपार सरली तरी बर्फ हलेना. नाथाजींनी तर दिवस मावळायचीही वाट पाहिली नाही. त्यांनी विकायला म्हणून म्हशीचं दावं सोडूनच टाकलं!

"उदयसिंह पोचतोयच. नारळ आणा!"

आता नारळाशिवाय शुभकार्य कसं व्हायचं? पण फोडायला दगड कुठं? मैदानासाठी सगळे दगड सुभेदारांनीच वेचून फेकले होते. कडक अशी एकच जागा दिसत होती. हाणला दणका!

नारळ शाबूत राहिला. बर्फ उभा चिरला, खालचा पाईप फुटला आणि मिठाचं पाणी फुर्रकन वर उडालं! म्हैस आली, तिनं पाणी चाटलं, तिला ते लय आवडलं. उन्हानं तापलेलं अंग घेऊन ती बर्फाच्या मधोमध ऐसपैस बसली. सुभेदारांनी ओढलं, बिरदेवनं ढकललं, पण ती डोळे मिटून रवंथ करत राहिली. तेवढ्यात पिशवी घेऊन उदयसिंह दारात!

"काय गड्या, केवढं झालं मैदान?"

नाथाजींनी घाम पुसला. "एक म्हस बसंल येवढं."

"आन् रोजचा चालवायचा खर्च?"

म्हशीच्या पाठीवरून मायेनं हात फिरवत राजेश्वरीबाई म्हणाल्या, "वैरण आन् पेंड, भावजी!"