तुरुंगाच्या दारातले अप्पा

आमच्या गिरगावातल्या चाळीत शिक्षा न झालेला माणूस शोधून सापडला नसता. नळ उघडा ठेवून गेलेल्या सबनीसबाईंना पंधरा दिवस साधी कैद. दुधात पाणी घालणाऱ्या भय्याला सहा महिने सक्तमजुरी. मला, जिन्यात सिगरेट ओढल्याबद्दल, एक महिना. शिक्षा सुनावणारे अप्पा टिपणीस माझ्या समोरच्या खोलीत राहायचे. फोर्टातल्या कोर्टात शिरस्तेदारी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी कोर्ट गॅलरीत भरवलं, एवढंच.

प्रत्येक शिक्षेला ते शेपूट जोडत, "आणि वर बारा फटके!" सरकारनं फटक्यांची शिक्षा कायद्यातूनच काढून टाकली, तेव्हा अप्पा दोन दिवस सुतक आल्यासारखे बसून होते. "आता दिल्लीत म्हणे फाशीही काढा म्हणतायत. उद्या चोराला जावयासारखा पाटावर बसवा म्हणतील!"

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली आणि अप्पांची फारच पंचाईत झाली. चाळीतली मुलं तुकड्यातुकड्यांनी जाऊन अटक करून घेऊ लागली. "किती दिवसांची झाली हो तुमच्या बाळूला?" असं बायका कौतुकानं विचारायच्या. कमी दिवसांची झाली तर आईचा चेहरा पडायचा. सुटून आलेल्या मुलाला गल्लीच्या तोंडापासून वाजतगाजत आणायचे. अप्पा वरून बघत म्हणत, "आरोपीला हार? अरे, मुंबई आपल्याला मिळालीच पाहिजे. पण अर्ज करून!"

आणि एके दिवशी त्यांची बायको तुरुंगात गेली.

माई टिपणीस म्हणजे जिचा आवाज भिंतीपलीकडे कधी गेला नाही अशी बाई. सकाळी भाकऱ्या थापून झाल्या, पदर खोचला आणि खालच्या मजल्यावरच्या बायकांच्या तुकडीबरोबर निघून गेल्या. संध्याकाळी निरोप आला, आठ दिवस. सगळी चाळ गॅलरीत येऊन अप्पांच्या तोंडाकडे बघत राहिली. अप्पा आत गेले. थोड्या वेळानं भात करपल्याचा वास आला.

त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही शिक्षा दिली नाही. एकदा मला थांबवून विचारलं, "दिनू, आत फार गारठा असतो का रे?"

"अप्पा, उभा जन्म कोर्टात तुमचा. तुम्हालाच ठाऊक."

"मी कागद करायचो रे," अप्पा म्हणाले. "आत कधी गेलो नाही."

सुटकेच्या दिवशी मला बरोबर घेऊन ते चिंचपोकळीजवळच्या तुरुंगाशी गेले. अंगात काळा कोट, हातात शेवंतीचा हार. दारात ही गर्दी, लेझीम, घोषणा. बायका एकेक करून बाहेर आल्या. माई दिसल्या तसे अप्पा पुढे झाले आणि त्यांनी हार उचलला. माईंनी मान वाकवली नाही.

"वसंताच्या वेळी कुणी आलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

अप्पांचे हात तसेच वर राहिले. शेवटी तो हार मीच घेतला.

वसंता कोण, मला माहीत नव्हतं. परतताना ट्राममध्ये अप्पा पुढच्या बाकावर पाठ करून बसले आणि माईंनी मला सांगितलं. मी चाळीत राहायला येण्याआधीची गोष्ट. वसंता त्यांचा एकुलता एक मुलगा. एका पेढीवर कारकून होता. तिथल्या साहेबाचं घड्याळ त्यानं उचललं. अप्पांना ते पलंगाखालच्या ट्रंकेत सापडलं. गुपचूप परत करता आलं असतं. माईंनी पाय धरले. पण अप्पांनी मुलाला हाताला धरून चौकीवर नेलं. तीन महिन्यांची शिक्षा झाली.

"सुटायच्या दिवशी हे दाराला आतून कडी घालून बसले," माई म्हणाल्या. "म्हणाले, शिक्षा झालेल्याला आणायला कुणी जात नसतं. घर माहीत आहे त्याला, येईल तो. मी दिवसभर जेवण झाकून ठेवलं. नाही आला. कुणी म्हणे माझगावला गोदीत दिसला, कुणी म्हणे सुरतेला गेला. चाळीनं वर्षभर मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. आज त्याच बायका माझ्यासाठी ओवाळायचं तबक घेऊन उभ्या असतील बघ."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पण माई, तुम्ही मुंबईसाठी गेलात."

"मुंबई तर हवीच रे," त्या म्हणाल्या. "पण मला त्या भिंती आतून बघायच्या होत्या. पोरगं कुठे झोपलं असेल, ते."

पुढच्या बाकावरच्या अप्पांना ऐकू जात होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यानंतर दोघांचा संसार होता तसाच चालू राहिला. अप्पा मात्र पहाटे काळा कोट चढवून बाहेर पडू लागले. चाळीला वाटलं, चौपाटीवर फिरायला जातात.

महाराष्ट्र झाला. गिरगावभर रोषणाई झाली. त्यानंतर कधीतरी मला सकाळी चिंचपोकळीच्या एका छापखान्यात काम निघालं. तुरुंगाच्या दारात आता चिटपाखरू नव्हतं. होते फक्त अप्पा. मोठ्या दारातली छोटी दिंडी उघडली आणि चुरगळलेल्या शर्टातला एक माणूस बाहेर आला. उन्हानं त्याचे डोळे मिटत होते. आता उजवीकडे जावं की डावीकडे, हेच त्याला कळत नव्हतं. अप्पांनी जाऊन त्याचा दंड धरला, समोरच्या हॉटेलात नेलं, चहा आणि ब्रून पाव मागवला. मी मागोमाग आत शिरलो. माणूस बिचकून खात होता.

"आत कुणी टिपणीस आहे का रे?" अप्पा विचारत होते. "वसंत टिपणीस. उंच आहे. डाव्या भुवईवर व्रण."

माणसानं नाही म्हणून मान हलवली. अप्पांनी त्याला आणखी एक ब्रून मागवला.

तो गेल्यावर मी जवळ जाऊन बसलो. त्यांना मला बघून आश्चर्य वाटलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, वसंता सुटून किती वर्षं झाली. तो आत कशाला असेल?"

अप्पा रस्त्यापलीकडच्या दाराकडे बघत राहिले.

"आत असलेलाच बरा रे," ते म्हणाले. "आत असला तर कधी ना कधी या दारातून बाहेर येईल. नाहीतर मी दुसरीकडे कुठे जाऊन उभा राहू?"