चामराजपेटेतलं लुआरचं खोरं

चामराजपेटेत आमच्या घरमालकांकडे पाण्याचा मीटर बघायला आलेला माणूससुद्धा फ्रान्समधला एक राजवाडा पाहिल्याशिवाय सुटत नाही. मानाजीअण्णा त्याला व्हरांड्यात बसवतात, कॉफी देतात आणि लुआर नदीच्या खोऱ्यात घेऊन जातात. तो चुळबुळ करायला लागला की म्हणतात, "स्वल्प थांबा, आता नदी वळते."

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं, की पुण्याहून आल्यावर पहिले दोन महिने मी सगळ्याला नुसतं 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणत होतो. स्वतः अण्णा फ्रान्सला कधीच गेलेले नाहीत. त्यांचा लांबचा प्रवास म्हणजे शहराबाहेरच्या होसकोटेला, भावाकडे. ते छापखान्यात प्रुफं तपासायचे. एकदा कुठल्याशा प्रवासी कंपनीची, लुआरच्या खोऱ्याची ओळख करून देणारी पुस्तिका हाती आली. ती त्यांनी इतक्यांदा वाचली, की पुस्तिका छापून गेली आणि अण्णा तिथेच राहिले.

शाम्बोरचा राजवाडा त्यांचा लाडका. तिथल्या जिन्यात दोन वाटा एकमेकींभोवती फिरत वर जातात; एकीवरून चढणारा दुसरीवरून उतरणाऱ्याला आडवा येत नाही. हा जिना सासू-सुनांचा विचार करूनच बांधला असणार, असं अण्णा गंभीरपणे सांगतात. शनाँसोचा राजवाडा नदीवर पुलासारखा उभा आहे. तिथे स्वयंपाकघरातून हात बाहेर काढून तांदूळ धुता येतील, हे पुस्तिकेत नाही. ते अण्णांचं स्वतःचं संशोधन.

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात क्लेअर नावाची फ्रेंच सहकारी आली. ती लुआरच्या काठच्याच गावात वाढलेली. हे मी घरी बोलून गेलो आणि अण्णांनी रविवारचं आमंत्रण देऊन टाकलं. मला घोर लागला. जिच्या अंगणात ती नदी, तिच्यापुढे अण्णांचं काय होणार?

क्लेअर आली. तिचा कॉफीचा पहिला घोट संपायच्या आत अण्णा तिला तिच्याच जिल्ह्याची ओळख करून देऊ लागले, छापखान्यातल्या खणखणीत इंग्रजीत. शाम्बोरला आपण एकदाच शाळेच्या सहलीतून गेलो होतो आणि तिथे डबा हरवला एवढंच आठवतं, असं तिनं कबूल केलं. अण्णांनी तिला मोठ्या मनानं माफ केलं आणि सुरुवातीपासून घेतलं. तासाभरानं ती पोट धरून हसत होती आणि पुढचा राजवाडा कुठला, हे तीच त्यांना विचारत होती. नदीच्या नावाचा उच्चार तेवढा तिनं सुधारला. अण्णा 'सरी' म्हणाले आणि पुन्हा आपलाच उच्चार करत राहिले.

निघताना ती अण्णांना आणि त्यांच्या बायकोला, अक्कांना, म्हणाली, यंदा दोघंही आमच्या घरी या, माझी आई सगळं दाखवील.

अक्का दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. तिकडे बघून अण्णा मला मराठीत हळू म्हणाले, "हिची नजर गेली तेव्हा दिवस सरत नव्हते. म्हणून मी ते खोरं रोज सांगायला लागलो. मी जाऊन बघून आलो, तर माझं निराळं होईल, हिचं निराळं. आत्ता दोघांचं एकच आहे."

मी क्लेअरला इंग्रजीत सांगितलं.

अक्कांनी मात्र सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "तिला विचार, त्या नदीला वास कसा येतो? ह्यांच्या पुस्तकात ते नाही."

क्लेअर पुन्हा खाली बसली. उन्हाळ्यात पाणी उतरतं, म्हणाली, वाळूचे पट्टे उघडे पडतात. ओल्या, तापलेल्या वाळूचा वास येतो. काठच्या झाडांच्या पाल्याचा येतो. कुणीतरी बारके मासे तळत असतं, त्याचा येतो. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. अण्णांनी आपली खुर्ची अक्कांजवळ ओढली आणि दोघं ऐकत बसली.