गेनूच्या प्लॉटवरचा शेरीफ

धोंडूआप्पा कुठेही पोचायच्या आधी त्यांचा लाल टॉवेल पोचायचा. मंचरच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण सगळेच. पण आप्पा न्हाव्याच्या खुर्चीवर टॉवेल टाकायचे, लग्नाच्या पंगतीत पत्रावळी मांडायच्या आधी टाकायचे. एकदा तर दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर टाकून खाली चहा प्यायला गेले होते. टाकला की मिशीवर हात फिरवून म्हणायचे, "दावा ठोकला."

हा दावा त्यांनी अमेरिकेतून आणला होता. म्हणजे आप्पा स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. तरुणपणी जत्रेतल्या तंबूत त्यांनी घोडेवाल्यांचा एक इंग्रजी सिनेमा पाहिला, आणि पुढे गावात केबल आल्यावर हिंदीत बोलणारे तसलेच गोरे रोज पाहून अमेरिकेचा पश्चिम भाग त्यांना आंबेगाव तालुक्याइतका पाठ झाला.

"समदी लोकं गाड्या जुपून निगाली बगा, गुरुजी. बायकापोरं, भांडीकुंडी, कोंबड्या. मोकळं रान दिसलं की मेख ठोकायची. जागा आपली."

गुरुजी म्हणजे मी. शाळेत इतिहास शिकवायचो आणि त्यांच्या जवळच राहायचो. आमचं गाव नवं होतं. वरच्या अंगाचं जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा लोकांना पूर्वेकडे आणून इथे बसवलं. सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, सावलीला एक झाड नाही. आप्पांना ते हुबेहूब अमेरिका वाटायचं. "त्येंच्या गाड्या पश्चिमेला गेल्या, आमचा टरक पूर्वेला आला. फरक येवढाच."

त्यांनी बँडवाल्याकडून एक रुंद काठाची टोपी मिळवली होती. ती धोतरावर घालून ते सकाळी कॅनॉलवर फिरत. कुत्र्याचं नाव शेरीफ, म्हणजे सिनेमातला फौजदार. चोर आला तर त्याला घरापर्यंत सोबत करील असा स्वभाव. एकदा फास टाकून जनावर पकडायची अमेरिकन पद्धत दाखवायला आप्पांनी सरपंचांच्या म्हशीवर दोर फेकला. फास बरोबर बसला. मग म्हशीने आप्पांना दोरासकट कॅनॉलपर्यंत नेलं आणि आत उतरवलं. "तिकडची जनावरं शिकलेली आसत्यात," निथळत वर आल्यावर ते म्हणाले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक प्लॉट रिकामा होता. तो गेनूचा. जुन्या गावात आप्पांचं आणि गेनूचं घर एकाच भिंतीला लागून होतं आणि दोघे लहानपणापासून एका ताटात जेवलेले. पण सामान ट्रकात चढलं त्या दिवशी गेनू चढला नाही. पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगाला छप्पर घालून मासे धरत तिथेच राहिला. आप्पांनी त्याचं नाव टाकलं. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "भित्रं हाय त्ये. गाडीत बसाया ज्याला भ्या वाटतं, त्यो काय नवं रान बगनार?"

मात्र त्या भित्र्याच्या प्लॉटवर ते कुणाला पाय ठेवू देत नसत. चौफेर काटेरी तार ओढली. तिच्यात पहिलं आप्पांचंच धोतर अडकलं आणि काकूंनी ते कात्रीने सोडवलं. म्हाताऱ्याला जागा गिळायची आहे, असं सगळं गाव म्हणू लागलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

मंडळाच्या पोरांना तिथे व्हॉलीबॉलचं मैदान हवं होतं. शेवटी सरपंचांनी ग्रामसभेत सांगितलं, दिवाळीपर्यंत गेनूचं घर उभं राहिलं नाही तर जागा काढून घ्यायला तालुक्याला लिहू. आप्पा सभेतून आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. तासभर अमेरिकेचा उल्लेख नाही. मला दया आली, म्हणून कुठेतरी वाचलेली एक गंमत सांगितली. तिकडे सरकार फुकट जमीन देई, अट एवढीच की तीवर घर हवं. घराचं माप म्हणे सांगितलं होतं, पण फूट की इंच ते लिहायचं राहून गेलं. काही बहाद्दरांनी खेळण्यातली घरं ठेवून जमिनी घेतल्या.

आप्पांचे डोळे चमकले. मी बोलायला नको होतं.

चार दिवसांत गेनूच्या प्लॉटवर घर उभं राहिलं. गुडघ्याएवढं. विटांच्या भिंती, वर कौलं, दाराला कडी, खिडकीला गज, पुढे तुळस. ती घरापेक्षा उंच होती. चौकशीला तलाठी आले.

"हे काय आहे?"

"घर."

"यात राहतं कोण?"

"शेरीफ."

तलाठी वाकून आत बघायला गेले, आणि शेरीफ आयुष्यात पहिल्यांदा भुंकला. त्यांनी काय अहवाल दिला कोण जाणे. जाताना ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेले.

ही बातमी एसटीच्या कंडक्टरांनी हसत हसत धरणापर्यंत पोचवली, आणि दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी गेनू गाडीतून उतरला. काटकुळा, उन्हाने रापलेला, हातात सुक्या मासळीची पिशवी. तारेबाहेर उभा राहून घराकडे बघत राहिला.

"माजं हाय व्हय ह्ये?"

"तुजंच. डोकं संबाळून जा आत," आप्पा म्हणाले. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर हे पहिलं वाक्य.

दोघे माझ्या पायरीवर बसले. आप्पांनी अमेरिका पहिल्यापासून सुरू केली. गाड्या, मेखा, रेल्वे, सोनं, रात्रीत उठलेली गावं. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "ये आता, गेन्या. जागा राखलीया तुजी. पर पोरं लई मागं लागल्यात, मला एकट्याला रेटंना."

माझीच मला लाज वाटली. गेनूने पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"ग्वाड हाय तुजी ष्टोरी. पर जे गेलंच न्हाईत, आदीपासनं तितंच व्हते, त्येंचं काय झालं?"

मला उत्तर माहीत होतं. तिथल्या मूळ लोकांचा तो धडा मी वर्गात घाईने उरकायचो. आप्पा टोपीचा काठ चाचपत राहिले.

"त्येंचं नीट दावत न्हाईत पिच्चरमदी."

"मंग म्या सांगतो," गेनू म्हणाला. "उनाळ्यात पानी वसारतं. भिताडं गेली, पर जोती दिसत्यात. तुजा वटा पैल्यांदा वर येतो. म्या गाळ काडतो, झाडून घेतो. मेंढरंवालं येत्यात, बिऱ्हाड टाकाया बगत्यात. त्येंना म्हंतो, हितं नगं, मालक गावाला गेलाय. यील."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "वट्याची कड फुटली व्हती. उखाळ टरकात चढवताना."

"लिंपतो की. पानी आलं की जाती. पुन्ना लिंपतो."

आप्पा रडले. टोपी तोंडावर धरून, तारेबाहेर जमलेल्या पोरांच्या देखत, हमसून रडले. गेनू त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "ही जागा दे पोरान्ला. मला पान्यापासनं लांब झोप लागत न्हाई."

आप्पांनी नाक पुसलं. "उनाळ्यात म्या आलो तर?"

"तुजाच वटा हाय. इचारतोस काय?"