विंगेतली सुगंधा

सबंध झाडीपट्टीतले वाघ मोजता येतील, धानाच्या जाती मोजता येतील. पण आपल्या तोडीचे प्रॉम्प्टर मोजायला बसलात तर एका बोटावर काम संपेल आणि ते बोटही आपल्याच हाताचं निघेल, अशी सुगंधाबाईंची पक्की खात्री होती! "नाटक मले तोंडपाठ नाई, रक्तपाठ हाय," असं त्या चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगत. "विंगेत उभा राहून मी भाजी निवडीन, झोपा काढीन, पन नटाचा एक शब्द खाली पडू देनार नाई!"

इथे एक खुलासा केलेला बरा. टपरीवरचे लोक त्यांना बापूजी म्हणत. मतदारयादीत बापूजी, रेशनकार्डावर बापूजी, घरी कलावहिनींच्या हाकेत नुसतंच बापू. सुगंधाबाई हे त्यांचं स्वतःचं नाव, आणि ते चालत होतं फक्त मोबाइलमध्ये. पण गोष्ट त्यांची आहे, तेव्हा आपण त्यांचंच नाव वापरू. ज्यांना अडचण असेल त्यांनी टपरीवर जाऊन बसावं!

हे नाव काही आभाळातून पडलं नव्हतं. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकं व्हायची आणि त्यांत बायांची कामं पुरुषच करायचे, त्या काळातली ही कमाई. बारीक अंगाचा, गोड गळ्याचा बापू पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला तो सुगंधा नावाच्या नायिकेच्या कामात. तोंडाला सफेदा, डोक्याला गंगावन आणि अंगावर कलावहिनींची जांभळी साडी! बैलबंड्या सोडून तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसलेल्या बाया ढसढसा रडायच्या. आरमोरीच्या एका म्हातारीने तर सुगंधाला आपल्या मुलासाठी मागणी घातली होती. पडदा पडला की बाकीचे नट पोशाख उतरवून माणसांत यायचे. सुगंधाबाई पोशाख उतरवून माणसांतून जायच्या.

मग नागपूरहून नट्या येऊ लागल्या. कंपनीचा मालक एक दिवस म्हणाला, "बापू, आता खऱ्या बाया आल्या गा. तू विंगेत उभा राह्य." 'मी काय खोटी आहे?' हे वाक्य ओठांवर आलं होतं. पण विंगेतल्या माणसाने दुसऱ्यांची वाक्यं सांगायची असतात. सुगंधाबाई वही घेऊन पडद्याआड गेल्या आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिल्या.

लॉकडाउनात मंडया बंद पडल्या. घरी बसून मोबाइल चाळताना त्यांना 'चांदणवेल' सापडलं. ट्रान्सजेंडर माणसांनी आपल्या गोष्टी लिहाव्यात, एकमेकांच्या वाचाव्यात, यासाठी काढलेलं ऑनलाइन कथामंडळ! कुणी मालवणचं, कुणी बालाघाटचं, एक जण तर थेट दुबईत. संपादक सोलापूरची दिव्यानी, वयाने नातीएवढी आणि दराऱ्याने सासूएवढी. दुसऱ्यांच्या दोन गोष्टींवर अभिप्राय दिल्याशिवाय स्वतःची गोष्ट टाकायची नाही, हा तिथला कायदा. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण कुणाच्या नायिकेचं कुठे अडलंय हे सगळ्यांना ठाऊक! 'सुगंधाताई, पुढे काय झालं?' असं पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं तेव्हा सुगंधाबाई बोअरिंगवर पाणी भरत होत्या. बादली भरून वाहिली, पाणी शेजारच्या अंगणात गेलं, शेजारणीने सात पिढ्यांचा उद्धार केला. सुगंधाबाई हसतच उभ्या!

भीती होती ती एकच. वहिनींची. दादा गेल्यावरही वहिनींनी ओसरीवरची खोली या दिराकडेच ठेवली होती. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर शाळेत जायचा. त्यांनीच त्याला वाढवला. त्यांना सुगंधा कळली आणि त्यांनी दार लावलं तर? एवढा एक प्रश्न सोडला तर सुगंधाबाई वाघालाही भीत नव्हत्या.

आणि मंडया पुन्हा सुरू झाल्या, त्या वर्षी वाघ खरोखरच आला होता!

सावली गावाकडच्या रस्त्यावर दोनदा दिसला. वनखात्याची माणसं येऊन सांगून गेली, "रात्रीचं नाटक करू नका जी. दिवस बुडायच्या आत सगळे घरी." मंडई तर मोडता येत नाही! गावाने ठरवलं, नाटक भर दुपारी. नाटकाचं नाव 'रक्ताची ओवाळणी, खाकीची साक्ष'. इन्स्पेक्टरच्या कामात भैयाजी. याची मिशी एवढी की एका टोकाचा संवाद दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ लागे. स्मगलरच्या बायकोच्या कामात नागपूरची मयुरी. तिने नाटकाची वही गाडीत पाहिली होती, तीही सिंदेवाहीपर्यंतच. पुढे झोप लागली. पण काळजी कसली? झाडीपट्टीचा नट विंगेतून आलेल्या शब्दावर डोळे मिटून उडी मारतो. विंगेतून पाढे आले असते तर मयुरीने तेही पदर तोंडाला लावून म्हटले असते.

नेमका त्याच दिवशी चांदणवेलच्या दिवाळी अंकासाठी गोष्ट द्यायचा शेवटचा दिवस होता. (अंक दिवाळीनंतर निघायचा. साहित्यातली परंपरा चांदणवेलनेही सोडली नव्हती.) सुगंधाबाईंची गोष्ट शेवटाशी अडली होती. पण त्यांनी बेत केला. नाटकाच्या दुसऱ्या अंकात दोन गाण्यांचा डान्स असतो. पब्लिक हमखास वन्समोर देतं. तेवढ्यात विंगेत उभ्या उभ्या गोष्ट पुरी!

डान्स सुरू झाला. सुगंधाबाईंनी वही काखेत मारली आणि मोबाइल काढला. आता त्यांची एक खोड होती. टाइप करताना वाक्य ओठांतून निघायचं. आणि तोंड प्रॉम्प्टरचं! नटाला ऐकू जाईल आणि पब्लिकला जाणार नाही, अशा बेताच्या आवाजातच ते पुटपुटणार.

इकडे दिवस कलायला लागला होता. मालकाला वाघ आठवला. त्याने एक गाणं कापलं, वन्समोर कापला आणि भैयाजीला आत ढकललं!

भैयाजी ऐटीत मयुरीपुढे उभा राहिला. वाक्य होतं, 'तुमच्या नवऱ्याच्या नावाचं वॉरंट आहे.' ते काही त्याला आठवेना. त्याने सवयीप्रमाणे विंगेकडे कान केला. विंगेतून शब्द आले, "वहिनी, आज मी काहीच लपवणार नाही."

"वहिनीऽऽ!" भैयाजी गरजला. "आज मी काहीच लपवणार नाही!"

"तुमची जांभळी साडी चोरून नेसत होते, ती मीच."

भैयाजीची एक भुवई हलली. पण प्रॉम्प्टरवर शंका घेणं म्हणजे देवाच्या घंटेवर शंका घेणं! त्याने खाकी पट्टा आवळला, मिशीला पीळ दिला आणि भोंगे फाटतील अशा आवाजात सांगितलं, "तुमची जांभळी साडी चोरून नेसत होते, ती मीच!!"

तणसावर बसलेल्यांच्या भुईमुगाच्या शेंगा हातातल्या हातात राहिल्या.

विंगेतून आलं, "वहिनींनी परात खाली ठेवली." हे वाक्य आपलं असावं, असं मयुरीला वाटलं. तिने हुंदका दिला, "वहिनींनी परात खाली ठेवलीऽऽ!" परात कुठेच दिसेना, म्हणून तिने इन्स्पेक्टरच्या डोक्यावरची टोपी उचलून खाली ठेवली.

सुगंधाबाई आपल्याच नादात. 'आज शब्द कसे घुमून राह्यले!' त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. भरून येऊन त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं, "मला हाक मारायची तर माझ्या नावाने मारा. माझं नाव सुगंधा!"

"माझं नाव सुगंधाऽऽ!" चारही भोंग्यांतून भैयाजी ओरडला.

आता मात्र सुगंधाबाईंचं बोट जागच्या जागी थिजलं. विंगेच्या फटीतून पाहतात तर आख्खा गाव आ वासून बसलेला! पुढच्या खुर्चीवरचे पोलीस पाटील सुकलू गर्रकन वळले. "सुगंधा? अबे, ते तं आपल्या बापूजीचं काम होतं ना!" पन्नाशीपुढची सगळी डोकी विंगेकडे फिरली.

सुगंधाबाईंनी घाईघाईने मूळ नाटक धरलं, "तुमच्या नवऱ्याच्या नावाचं वॉरंट आहे..."

"तुमच्या नवऱ्याच्या नावाचं वॉरंट आहे!" भैयाजी म्हणाला.

"वॉरंट टाक खिशात!" पोलीस पाटीलच ओरडले! "त्या सुगंधाचं काय झालं ते सांग!"

"हो ना जी! अर्ध्यात काऊन सोडता?" बायांची बाजू पेटली.

भैयाजी अटक करायच्या निमित्ताने विंगेपाशी आला. "बापू, पुढचं सांग बे!"

"भैयाजी, ते नाटक नाई! पाया पडतो, मागं जा!"

"मागं कुठी जाऊ? पब्लिक उभी होऊन राह्यली! आज तू सांगितलं नाई तं वाघाच्या आधी हेच लोक मले खातीन!"

काय करणार? सुगंधाबाई सांगत गेल्या. सफेद्याचा वास सांगितला, तणसावरच्या बाया सांगितल्या, पडदा पडल्यावर अंगावरून उतरणारी ती साडी सांगितली. गोष्टीतल्या वहिनी माणूस म्हणून सोनं, पण वरणात मीठ दोनदा टाकतात, हेही भैयाजीने छाती पिटून जाहीर केलं. आख्खा मांडव कलावहिनींकडे पाहून हसला. आणि मग ते शेवटचं वाक्य आलं. "वहिनी, आता तुम्हीच सांगा. मी या घरात राहू, का जाऊ?"

मयुरीने विंगेकडे कान केला. विंग गप्प. मयुरी आणखी थोडं रडली. विंग गप्पच. गोष्ट इथेच तर अडली होती! पुढे वहिनी काय म्हणतात, हे सुगंधाबाईंना कुठे ठाऊक होतं? एक शब्द खाली पडू न देणाऱ्या बाईजवळ आज शब्दच नव्हता.

"सरक वो बाई!" तणसावरून आवाज आला. "वहिनीचं काम वहिनीलेच करू दे!"

कलावहिनी उठल्या होत्या. नऊवारीचा काचा खोचलेला, हातात बसायचं पोतं! त्या तरातरा स्टेजवर चढल्या, मयुरीला बाजूला केलं आणि विंगेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"चोरून नेसत होती म्हने! माह्या पेटीले कुलूप होतं, एवढं मोठं! मंडई आली का ते उघडं कोन ठेवत होतं? भूत? मी ठेवत होती ना! जांभळी साडी सगळ्याच्या वर कोन ठेवत होतं? मीच ना! तुह्या दादाले सांगितलं, वाऱ्यावर टाकली हाय. चार घरी खोटं बोलली मी, आन तू चोरी म्हनतेस?"

भैयाजीने सुगंधाबाईंचा हात धरून त्यांना हळूच उजेडात ओढलं. पायजमा, चष्मा, हातात मोबाइल. किती तरी मंडयांनंतर त्या पुन्हा स्टेजवर उभ्या होत्या आणि एकही संवाद येत नव्हता!

"राहू का जाऊ म्हनते!" वहिनींनी पोतं झटकलं. "जाशील कुठी वो? जिना चढता येत नाई तुले! आन मीठ जास्त असते तं वाटी चाटून काऊन खातेस? ते सांग पैले सगळ्यायले!"

टाळ्या! शिट्ट्या! मालकाने तेवढ्यात पडदा ओढला, कारण दिवस बुडत होता. सारा गाव घोळक्याने घरी निघाला. आता लोक काय म्हणतात, म्हणून सुगंधाबाई जीव मुठीत धरून चालत होत्या. पोलीस पाटील जवळ आले. "बापूजी... नाई, सुगंधाबाई, एक इचारू का? त्या गोष्टीत पाटलाचं काम काऊन नाई जी?" भैयाजीला वेगळीच चिंता. "मिशीसंगं ते काम बसलं का वो? खरं सांगजो!" ज्या गोष्टीने आजवर झोप उडवली होती, तिच्यावर चर्चा करायला कुणाला सवडच नव्हती! सुगंधाबाईंना सुटल्यासारखंही वाटलं आणि थोडा अपमानही.

घरी येऊन त्यांनी घडलं तस्सं लिहून चांदणवेलला पाठवलं. दिव्यानीचं उत्तर लगेच आलं. 'सुगंधाताई, भाषा सुंदर. पण शेवट अजिबात पटत नाही. वहिनी प्रेक्षकांतून उठून स्टेजवर येते, हे फारच बेतलेलं वाटतं. गाव एवढं समजूतदार नसतं. आणि वाघामुळे नाटक दुपारी? कृपया वास्तवाला धरून लिहा.'

काय सांगणार? सुगंधाबाईंनी वाघ काढला, गाव काढलं, आणि शेवटी वहिनी नायिकेला पिशवीसकट घराबाहेर काढते, असं लिहून दिलं. अंक निघाला आणि हाहाकार उडाला! मालवण रडलं, बालाघाट रडलं. दुबईहून 'काळीज चिरलं' असा अभिप्राय आला. अख्ख्या अंकात पहिली पसंती याच गोष्टीला! सुगंधाबाईंनी मोठ्या तोऱ्यात ती गोष्ट वहिनींना वाचून दाखवली.

वहिनींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग उठल्या.

"मी काढलं तुले घराभायेर?"

"तसं नाई जी वहिनी, गोष्टीत... लोकायले वास्तव पायजे म्हून..."

"वास्तव पायजे? घे मंग!" असं म्हणून त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून सुगंधाबाईंच्या हातात कोंबली, त्यांना अंगणात उभं केलं आणि धाडकन दार लावलं!

सुगंधाबाई पिशवी घेऊन अंगणात उभ्या. शेजारीण कुंपणावरून पाहतेय. आता जावं तर कुठे, या विचारात त्यांनी पायरीवर टेकायला आणि आतून हाक यायला एकच गाठ पडली.

"वो सुगंधाबाई! चहा थंडा होऊन राह्यला ना! आन ते पिशवी आत आन. संध्याकाळची वांगी तिच्यातच हायेत!"